मागच्या पडवीतलं बटण

"कुमुद, मागचं बटण तू बंद केलंस का?"

हे गाडीच्या दारात उभे होते. हातात मीटर, आणि त्याच्या लाल-काळ्या वायरी गळ्यात टाकलेल्या. मी पडवीत दोरीवर चादर वाळत घालत होते.

"मी कशाला हात लावू तुमच्या रथाला? मला दुसरी कामं नाहीत का?"

एरवी ह्यावर त्यांनी मला सोडलं नसतं. गाडीला रथ म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. पण त्या दिवशी त्यांनी तो शब्द सोडून दिला. माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "बरं. मग मीच विसरलो असेन."

चादर माझ्या हातात तशीच राहिली. ह्या माणसानं माझ्यापुढं कधी चूक कबूल केल्याचं मला आठवत नव्हतं. आमटी करायला घेतली आणि मीठ दोनदा पडलं, तर दोष मिठाच्या बरणीचा. रस्ता चुकला तर पाटी लावणाऱ्याचा. आणि आज एकदम 'मीच विसरलो असेन'? 

ह्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांची होते आणि हे अडुसष्टचे. लेक प्राची लग्न होऊन पुण्याला, आणि तासगावच्या घरात आम्ही दोघंच. दोघं आणि ती गाडी.

गाडीचं सांगायला हवं. हे टेलिफोन खात्यात होते. चौतीस वर्षांच्या नोकरीतली बावीस वर्षं एक्स्चेंजच्या बॅटरी-रूममध्ये गेली. तिथे कमरेएवढ्या उंच बॅटऱ्यांच्या रांगा असायच्या आणि हे रोज सकाळी त्यातलं पाणी बघायचे, कमी असेल तिथे घालायचे, आकडे मोजून वहीत लिहायचे. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी ह्यांच्या शर्टांना ॲसिडनं पडलेली भोकंच रफू करत होते. माणूस निवृत्त झाला की देवधर्म करतो, नातवंडं सांभाळतो. ह्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, कोल्हापूरच्या एका गॅरेजमध्ये तिच्या सगळ्या सीटा उपटून टाकल्या आणि आत घर बांधलं. दोन पलंग, एक ओटा, वीतभर मोरी, छोटा फ्रिज, पंखा, दिवे. आणि हे सगळं चालवायला पलंगाखाली दोन बॅटऱ्या.

मी सगळ्यांना सांगत फिरायचे, की ह्यांना भलतं वेड लागलंय, मला त्या डब्यात पाय ठेवावासा वाटत नाही. तरी बदामीला गेले, हंपीला गेले, आणि कोयनेच्या पाण्याकाठी गाडीच्या दारात बसून चहाही प्यायले. पण तोंडानं नावंच ठेवली. तशी पद्धतच पडून गेली होती.

पहिल्या दोन बॅटऱ्या दीड वर्षात गेल्या. दुकानदार म्हणाला, "काका, ह्या कायम अर्धपोटी राहिल्यात." एवढी वर्षं बॅटऱ्यांची सेवा केलेल्या माणसाला कुणीतरी असं तोंडावर सांगायचं म्हणजे केवढं लागलं असेल! दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. मग नवी जोडी आणली. तिला हळदकुंकू वाहिलं, टर्मिनलला माझं व्हॅसलिन चोळलं, आणि मला समोर बसवून शिकवणी घेतली.

"ही एजीएम बॅटरी. हिच्यात पाणी घालायचं नाही. झाकणच नाही. आत काचेच्या बारीक तंतूंची गादी असते, ॲसिड त्या गादीत मुरवलेलं. सांडत नाही, वास येत नाही."

"मग तुम्हाला काम काय उरलं?"

"हिचं पोट भरायचं. पण पूर्ण भरायचं, कुमुद. आधीचं भराभर भरतं, शेवटच्या चार घासांना तास तास लागतात. चार्जरवर हिरवा दिवा लागल्याशिवाय हिला पानावरनं उठवायचं नाही. रोज अर्धवट उठवली तर आतल्या आत खंगते. बोलत नाही बिचारी. नुसता आकडा खाली येतो."

"कसला आकडा?"

"व्होल्टचा. भरल्यावर जरा वेळ शांत ठेवून मीटर लावायचा. बारा पॉइंट आठ दिसलं म्हणजे तृप्त आहे. बारा पॉइंट दोन म्हणजे अर्धी संपली. त्याखाली जाऊ द्यायचं नाही."

आणि खरोखर त्यांनी व्रतच घेतलं. सकाळी सातला मागच्या पडवीतलं बटण चालू करायचे. तिथून वायर खिडकीतून गाडीत गेलेली. मग फिरायला जायचे, अंघोळ, पूजा. दहाच्या सुमारास गाडीतच जाऊन बसायचे. घरात चांगला पंखा असताना गाडीतल्या पंख्याखाली पेपर वाचायचा, गाडीतल्या फ्रिजमधलं ताक प्यायचं. का, तर बॅटरीला रोज थोडं काम लागतं. संध्याकाळी हिरवा दिवा बघून वहीत आकडा लिहायचे आणि मग बटण बंद.

पण हिरवा दिवा लागेचना. एक दिवस बारा पॉइंट पाच, दुसऱ्या दिवशी पॉइंट चार. आणि दोन-तीन दिवसांनी एकदा तरी पडवीतलं बटण बंद सापडायचं. सकाळी स्वतःच्या हातानं चालू केलेलं बटण. मग ते मला विचारायचे, मी नाही म्हणायचे, आणि ते म्हणायचे, "मीच विसरलो असेन."

तुम्ही म्हणाल, माणूस एखादं बटण विसरला तर एवढं काय? पण आमच्या घरात विसरणं ही साधी गोष्ट राहिली नव्हती. माझे थोरले दीर, दादाभावजी, शेवटची चार वर्षं आमच्याकडे होते. आधी गॅस चालू ठेवून बाहेर जायचे. मग माणसांची नावं गेली. मग एका दुपारी चपला न घालता घरातून निघाले ते कवठे एकंदच्या रस्त्याला सापडले. शेवटी शेवटी त्यांना भरवत होते मी, आणि ते मला त्यांची आई समजत होते. ते सगळं माझ्या ह्याच दोन हातांनी केलेलं. त्यामुळे ह्यांचं ते वाक्य ऐकलं की मला दादाभावजीच दिसायचे. सख्खा भाऊ. रक्तातच असलं तर?

मी काही बोलले नाही. पण गुपचूप ह्यांची परीक्षा घ्यायला लागले. भाजी निवडता निवडता सहज विचारायचं, "काय हो, आपल्या लग्नात जेवायला आचारी कुठला होता?"

"भिलवडीचा. का गं?"

"काही नाही. जिलेबी आठवली."

उत्तर बरोबर आलं की मला हायसं वाटायचं. पण लगेच मागोमाग हेच विचारायचे, "काल रात्री आपण भाजी कुठली खाल्ली गं?"

"दोडका. विसरलात?"

"नाही, नाही. अशीच आठवत नव्हती."

मी हसून वेळ मारून न्यायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावायचे. कधी विचारायचे, "आज वार कुठला?" कधी, "प्राचीचा मुलगा आता कितवीत?" स्वतःच्या नातवाची इयत्ता! मी प्रत्येक वेळी उत्तर द्यायचे, आणि प्रत्येक वेळी ते मान डोलवायचे आणि माझ्याकडे असं काही प्रेमानं बघायचे, की मला वाटायचं, ह्यांना कळलंय आपलं काय होतंय ते. आता निरोपाचंच बघणं चाललंय. प्राचीही रोज फोन करायला लागली होती. आधी आठवड्यातून एकदा करायची, तीही कुकरची शिट्टी होईपर्यंत. मला वाटलं, बापाचं हिलाही समजलं असणार.

मग एका सोमवारी पडवीत मशीन चालू केलं, बघते तर बटणांच्या बोर्डवर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली. ह्यांचं अक्षर. 'हे बटण बंद करू नये.' खाली दोन रेघा मारलेल्या.

मी तिथेच खाली बसले. दादाभावजींच्या वेळी आम्ही अशाच चिठ्ठ्या लावल्या होत्या घरभर. संडासाच्या दारावर 'संडास', गॅसवर 'हात लावू नये'. आता हे स्वतःसाठी स्वतःच चिठ्ठ्या लिहायला लागले. मी पोटभर रडले. मग वॉशिंग मशीन थांबलं, तशी उठले, पिळे काढले, ते वाळत घातले आणि स्वयंपाकाला लागले. दुपारी ह्यांनी बघितलं तर बटण बंद. त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलंसुद्धा नाही. जेवताना एक पोळी कमी खाल्ली.

गुरुवारी चहा पिताना म्हणाले, "गाडी काढून टाकतो."

"काय?"

"सावळजचे मोहिते मागे लागलेत कधीचे. रविवारी घेऊन जातो म्हणतात. मी हो म्हणालो."

लग्नात भाऊ पाठवणी करतो तेव्हा त्याचा आवाज जसा होतो, तसा आवाज होता. मी किती वेळा ह्यांना म्हटलं असेन, एकदाची विका ती! आता विकतो म्हणाले तर मी अर्धा चहा तसाच ठेवला.

"आणि शनिवारी मिरजेला जायचंय," ते म्हणाले. "मेंदूच्या डॉक्टर आहेत एक. हल्ली माझं डोकं नीट चालत नाही, तुलाही दिसतंयच. दाखवून येऊ. तू पाहिजेस बरोबर."

"मी नसले तर कोण असणार?" मी म्हटलं. कपबशा उचलल्या आणि आत गेले.

त्याच संध्याकाळी मोहिते गाडी बघून गेले. मोठ्या आवाजाचा, दिलदार माणूस. त्यांनी पलंग दाबून बघितले, फ्रिज उघडून बघितला. मला म्हणाले, "वहिनी, नेऊ न्हवं गाडी?" मी म्हटलं, "न्या एकदाची, माझ्या डोक्याचा ताप जाईल." सवयीनं बोलून गेले. हे मागे उभे होते, त्यांनी ऐकलं.

शनिवारी मिरजेला आम्ही त्याच गाडीतून गेलो. चालवत होते हेच. मी रस्ताभर मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते आणि प्रत्येक वळणावर ह्यांच्या हाताकडे बघत होते. हात काही थरथरत नव्हता. उलट हेच दर दोन मिनिटांनी वळून मला विचारत होते, "बरी आहेस ना? पाणी हवं का?"

"समोर बघून चालवा," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणजे प्राचीच्याच वयाची मुलगी होती. डॉक्टर हुल्याळकर. चष्मा, केस वर बांधलेले, बोलणं मऊ. आम्ही आत गेलो तशी म्हणाली, "या काका, या काकू. बसा. आधी काकांचं बघू." तिनं ह्यांना तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग म्हणाली, "मी तीन शब्द सांगते. थोड्या वेळानं परत विचारीन. कंदील, चिंच, पूल."

पाच मिनिटांनी तिनं विचारलं. हे म्हणाले, "कंदील. पूल. आणि..." आणि थांबले.

 मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. तोंडात शब्द आला होता, 'चिंच हो, चिंच', पण दात आवळून गप्प बसले.

"असू दे काका," डॉक्टर म्हणाली. "आता काकू, तुम्ही."

"मी? मला काय झालंय?"

"बरोबर आलेल्यांचंही मी बघते. पाच मिनिटांचं काम."

म्हटलं, बघ बाई. सात सात वजा केले, दोनपर्यंत उतरले. घड्याळ काढलं, त्याला खुंटीसुद्धा काढली. तिनं मला नवे तीन शब्द दिले होते, तेही सांगितले आणि वर ह्यांची चिंचही सांगून टाकली. डॉक्टर हसली. हे मात्र माझ्याकडे आ वासून बघत होते. डॉक्टरनं समोरच्या फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि फाइल मिटली, तेव्हा मला वरचं नाव दिसलं. कुमुद श्रीपाद नेर्लेकर.

"हे माझं नाव कसं?" मी विचारलं. "पेशंट हे आहेत ना?"

 हे खाली बघत होते.

"काकू, रागावू नका," डॉक्टर म्हणाली. "काका मंगळवारी एकटेच येऊन गेले. तुमची काळजी होती त्यांना."

"माझी?"

मंगळवारी हे 'हयातीच्या दाखल्याचं बघून येतो' म्हणून बाहेर पडले होते. मी ह्यांच्याकडे वळले. आयुष्यात एवढी चिडले नव्हते.

"काय चाललंय हे? बोला!"

"चार वेळा बघितलं मी तुला," हे म्हणाले. आवाज अगदी बारीक. "गाडीच्या खिडकीतून पडवी दिसते. तू मशीनमधले कपडे काढतेस, माझं बटण बंद करतेस आणि दोरीकडे वळतेस. पाच मिनिटांनी मी विचारतो, तर म्हणतेस, मी हातच लावला नाही. चारही वेळा. मी चिठ्ठी लावली. ती तू वाचलीस, वाचून रडलीस, ते मी बघितलं. आणि त्यानंतर पुन्हा बंद केलंस." त्यांनी चष्मा काढला. "तू खोटं बोलत असतीस तर मला कळलं असतं गं. चाळीस वर्षं बघतोय. तू खरं बोलत होतीस. म्हणूनच भीती वाटली. दादाही असाच खरं बोलायचा."

 मी? मी बटण बंद करते? मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. तेव्हा जी भीती वाटली ती आधीच्या तीन आठवड्यांत वाटली नव्हती. ह्यांचं काही झालं तर मी होते. माझंच झालं तर मी कुठं असणार होते?

"काकू," डॉक्टर म्हणाली, "सकाळचं धुणं कसं करता ते मला दाखवा बघू. सांगू नका. उभ्या राहा आणि करून दाखवा."

मी उभी राहिले.  हात कामाला लागले की माणूस सावरतं.

"मशीन थांबतं. झाकण उघडते. पिळे काढते, ते ह्या डाव्या हातावर घेते, असे, खांद्यापर्यंत. मग उजव्या हातानं मशीनचं बटण बंद करते आणि..."

"थांब!" हे ओरडले. "पुन्हा कर. बटण पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. डाव्या हातावर ओल्या कपड्यांचा ढीग आहे असं समजायचं. उजवा हात वर, आणि बोर्डावर सबंध तळवा, खालून वर. सबंध तळवा. बोट नाही.

"अगंबाई!" मी म्हटलं.

बोर्डावर दोन बटणं होती, शेजारी शेजारी. एक मशीनचं. दुसरं पूर्वी पाण्याच्या मोटरचं. अठरा वर्षं मी सकाळी धुणं झालं की मशीन आणि मोटर दोन्ही एका तळव्यानं बंद करत आले होते. गाडी घेतली तेव्हा ह्यांनीच मोटरची वायर पुढच्या बाजूला नेली आणि त्या रिकाम्या बटणावर चार्जर लावला. मला सांगितलंही होतं. पण माझ्या तळव्याला कुणी सांगितलं होतं?

मी मटकन खुर्चीत बसले. डॉक्टरला सगळं समजावून सांगितलं. ती इतकी हसली की तिला चष्मा पुसावा लागला.

"काकू, ह्याला विसरणं नाही म्हणत. हाताला लागलेली सवय म्हणतात. हात काम करतो, डोकं तेव्हा दुसरीकडे असतं, मग आठवणार काय? मी स्वतः कुलूप लावून जिन्यापर्यंत जाते आणि लावलं की नाही ते बघायला परत येते."

"म्हणजे हिला काही नाही?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. तुमच्यापेक्षा छान आहेत त्या."

"आणि ह्यांना?" मी विचारलं. "ते चिंच विसरले!"

"ते तीन आठवडे झोपले नाहीत नीट. शिवाय मी शब्द सांगत होते तेव्हा ते माझ्याकडे बघतच नव्हते. तुमच्याकडे बघत होते. दोघंही घरी जा."

दवाखान्याबाहेर लिंबाच्या झाडाखाली गाडी उभी होती. आम्ही आत गेलो आणि दार ओढून घेतलं. मी ओट्यापाशी उभी राहून चहाला आधण ठेवलं, कारण काहीतरी करायलाच हवं होतं. हे पलंगावर बसले होते.  मग मला एकदम आठवलं आणि हातातली साखर सांडली.

'मीच विसरलो असेन.' हे वाक्य माझं होतं. दादाभावजींच्या वेळी मीच ह्यांना शिकवलं होतं. सुरुवातीला हे दादांना सांगायला जायचे, गॅस तूच चालू ठेवलास, आठव जरा. मग दादा चिडायचे, रडायचे, दिवसभर जेवायचे नाहीत. मी ह्यांना म्हटलं होतं, त्यांना खोटं पाडू नका हो, आधीच बिचारे घाबरलेत. आपण म्हणायचं, मीच विसरलो असेन. आपलं काय जातं? चार वर्षं घरात आम्ही दोघं तेच म्हणत आलो. आणि तीन आठवडे हे मला तेच म्हणत होते, आणि मला ओळखू आलं नाही.

"मला सांभाळून घेत होतात," मी म्हटलं.

"तूच शिकवलंयस."

"आणि गाडी? गाडी का विकायला निघालात?"

 हे पलंगाच्या कडेवरून हात फिरवत राहिले.

"उद्या कुठंतरी घाटात थांबलो असतो," ते म्हणाले. "मी खाली उतरून टायर बघत असतो, आणि तू दुसऱ्या दारानं उतरून चालायला लागली असतीस तर? मी काय करणार होतो? गवंड्याशी बोललोय मी. मागच्या खोलीला लागून न्हाणी करायची, भिंतीला धरायला दांडे. तुला कुठं ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. प्राचीलाही सांगितलं, मी करीन सगळं. दादाचं तू केलंस. तुझं मी करणार होतो."

मग हे रडले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, तोंडावर हात घेऊन, खांदे हलवून. मीही रडले. मग मला हसू यायला लागलं, कारण मीही तीन आठवडे मनातल्या मनात ह्यांना भरवत होते, ह्यांच्या चपला लपवून ठेवत होते. ते मी सांगितलं तसे हेही हसायला लागले. "म्हणून तो आचारी!" म्हणाले. "म्हणून तो दोडका!" मी म्हटलं. चहा उतू गेला. ओटाभर झाला. एरवी मी त्या गाडीला चार शिव्या दिल्या असत्या. त्या दिवशी फडकं घेतलं आणि पुसून काढला. छातीवरचा दगड उतरणं म्हणजे काय असतं ते मला तिथे, त्या वीतभर मोरीपाशी कळलं.

उरलेला चहा आम्ही अर्धा अर्धा प्यायलो. हे सवयीनं खाली वाकले, पलंगाखाली मीटर लावला.

"किती?" मी विचारलं.

"बारा पॉइंट तीन." त्यांनी वायरी काढल्या. "आठवडाभर रोज हिरवा दिवा बघितला तर येतील वर. अजून फार खंगल्या नाहीत." मग काहीतरी आठवून मीटर बाजूला ठेवला. "पण आता काय उपयोग. उद्या मोहिते येतील."

माझी पर्स पलंगावरच होती. मी फोन काढला. मोहित्यांचा नंबर ह्यांना विचारला. त्यांनी सांगितला, पाठ होता.

"बोला वहिनी!" मोहित्यांचा आवाज सगळ्या गाडीत घुमला. "उद्या धा वाजता येतूय बगा."

"येऊ नका मोहिते. गाडी द्यायची नाही."

"आं? परवा तर तुम्हीच म्हनला न्हवं, न्या एकदाची म्हनून?"

"म्हटलं होतं. खोटं म्हटलं होतं. दोन वर्षं खोटंच म्हणत होते." हे माझ्याकडे बघत होते. "माफ करा हं. पण गाडी आम्हाला हवी आहे. मला हवी आहे."